जहाजावरची तालीम : केबिनमधले जोर-बैठका

(मागे सिद्धेश्वर तलाव, सकाळची वेळ. थेट कॅमेऱ्याकडे बघत.)

नमस्कार मंडळी! आम्हा सोलापूरकरांना समुद्र बघायचा तर रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरायची आणि सकाळी मुंबईत उतरायचं. त्यामुळे मी शिपवर आहे म्हटलं की गल्लीतल्या लोकांना वाटतं, पोरगं दिवसभर दोरखंड ओढत असेल.

दोरखंड कुठले ओ! मी सेकंड ऑफिसर. वॉच, म्हणजे पहाऱ्याची ड्युटी, बारा ते चार, दुपारी आणि पुन्हा मध्यरात्री. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, उभं राहायचं, रडार बघायचं, काचेतून बाहेर बघायचं. पाय जागेवरच. इंजिन रूमवाल्यांचं वेगळं. जिने चढून-उतरून त्यांच्या पोटऱ्या भरतात आणि तिथं तर बारा महिने सोलापूरचा मे. त्यांना मी व्यायाम नाही, पाणी प्यायला सांगीन.

पहिल्या कॉन्ट्रॅक्टवरून आलो तेव्हा सात किलो वाढलो होतो. तालमीत गेलो, तर वस्ताद वर-खाली बघून म्हणाले, "जहाजावर गेला होतास का लग्नाच्या पंगतीला?" दोष नाइट लंचचा. पहाटे चारला वॉच सुटतो, मेसच्या फ्रिजमध्ये ब्रेड, चीज, उरलेलं चिकन असतं. वर घरून नेलेली शेंगा चटणी.

आता जिम. बऱ्याच जहाजांवर असते, ट्रेडमिलही असते. पण रोलिंग, म्हणजे जहाजाचं डावी-उजवीकडे डोलणं, सुरू झालं की पट्टा एकीकडे आणि तुम्ही भिंतीवर. सुटे डंबेल्स तर खोलीभर फिरतात.

म्हणून जोर आणि बैठका. अंगापुरती जागा पुरते. पण एक गोष्ट वस्तादांनी नाही, समुद्रानं शिकवली. जहाज खाली जाऊन परत वर उचलायला लागतं, त्या क्षणी अंग जड होतं. वर जाऊन खाली यायला लागलं की हलकं. आधी मी मोजत, ठरलेल्या तालात जोर काढायचो, मनगट दुखावून घेतलं. आता लाटेच्या तालात : जड क्षणी थांबायचं, हलक्या क्षणी उठायचं. बैठकांना तोंड जहाजाच्या नाकाकडे करा, म्हणजे फाकवलेले पाय डावी-उजवीकडे येतात आणि रोलिंग तोललं जातं. हात बंकच्या, म्हणजे केबिनमधल्या पलंगाच्या, कडेजवळ राहू द्या.

हवा बरी असेल तर डेकवर चाला. माझं मागचं जहाज 190 मीटरचं. राहायची जागा मागे, तिथून पुढच्या टोकाला जाऊन यायला साधारण 300 मीटर. दहा फेऱ्या, 3 किलोमीटर. पण ब्रिजला सांगूनच. एकटे घसरून पडलात तर कळणार कुणाला? टँकरवर, म्हणजे तेल-गॅस नेणाऱ्या जहाजावर, असाल तर मोबाइल केबिनमध्येच ठेवा, डेकवर गाणी-बिणी नाहीत.

आणि झोप मोडून व्यायाम नको. नियमच आहे : कुठल्याही 24 तासांत किमान 10 तास विश्रांती, 7 दिवसांत 77. ते 10 तास फार तर दोन तुकड्यांत, त्यातला एक किमान 6 तासांचा. बंदरात माल चढत-उतरत असला की हे गणित बसवताना घाम फुटतो. त्या दिवशी मी जोर काढत नाही, सरळ झोपतो. एरवी माझी वेळ दुपारचा वॉच सुटल्यावर, चारनंतर.

हां, मॅट रबराची घ्या. मी एकदा सोलापुरी चादर अंथरली होती, चादरीसकट कपाटावर जाऊन आदळलो.

पुढच्या आठवड्यात साइन ऑन आहे, म्हणजे पुन्हा जहाजावर रुजू. शेंगा चटणी यंदा पाव किलोच नेणार म्हणतोय. आईनं दोन किलोचा डबा भरून ठेवलाय.