अ‍ॅरोमाटेज: उपचारातले लक्ष्य, प्रतिबंधातलेही

श्रोतेहो, नमस्कार. शरीरातील बहुतेक रासायनिक क्रिया विकरे, म्हणजेच एन्झाइम, घडवून आणतात. एखाद्या कर्करोगाची वाढ ठरावीक विकरावर अवलंबून असेल, तर ते विकर बंद पाडून त्या रोगाला रोखता येते. आज अशाच एका विकराविषयी, अ‍ॅरोमाटेजविषयी, मी बोलणार आहे.

स्तनांच्या बहुसंख्य कर्करोगांना इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे पोषण मिळते. पाळी कायमची थांबल्यावर बीजांडकोशांतून येणारे इस्ट्रोजेन जवळजवळ बंद होते. परंतु अँड्रोजेन संप्रेरकांपासून ते तयार करण्याचे काम चरबीतील, स्नायूंतील आणि खुद्द स्तनातील अ‍ॅरोमाटेज चालूच ठेवते. रजोनिवृत्तीनंतर स्थूल स्त्रियांना या रोगाचा धोका अधिक असतो, त्याचे एक कारण हेच आहे.

हे विकर अडवण्याचे संशोधन अँजेला ब्रॉडी यांनी १९७०च्या दशकापासून अमेरिकेत चिकाटीने केले आणि त्यातून फॉर्मेस्टेन हे औषध आले. त्यानंतरच्या अ‍ॅनास्ट्रोझोल, लेट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन या गोळ्या आज उपचारात सर्रास वापरल्या जातात. ब्रॉडी यांचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही, याची मला खंत वाटते.

मग रोग होण्याआधीच ही गोळी दिली तर? आयबिस-२ या चाचणीत रजोनिवृत्ती झालेल्या आणि अधिक धोका असलेल्या ३,८६४ स्त्रियांपैकी निम्म्या स्त्रियांना पाच वर्षे अ‍ॅनास्ट्रोझोल आणि उरलेल्यांना औषधविरहित गोळी दिली गेली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषध घेणाऱ्या गटात स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण निम्म्याहूनही कमी राहिले, आणि गोळी थांबवल्यानंतरही तिचा लाभ कित्येक वर्षे टिकल्याचे पुढे दिसून आले. इंग्लंडमध्ये २०२३ साली या वापराला अधिकृत मान्यता मिळाली.

तरीही निरोगी स्त्रीला औषध देताना कसोटी अधिक कडक हवी, असे माझे ठाम मत आहे. सांधे दुखतात, अंगातून गरम वाफा येतात, हाडे ठिसूळ होतात. म्हणून हाडांची घनता आधी तपासावी लागते. शिवाय पाळी सुरू असताना नुसती ही गोळी उपयोगी पडत नाही, कारण इस्ट्रोजेन घटताच मेंदूकडून बीजांडकोशांना अधिक जोराचे संदेश जातात. आपल्या देशात रजोनिवृत्तीपूर्वीच या रोगाने गाठलेल्या स्त्रिया पुष्कळ आहेत, हे येथे लक्षात घ्यावे लागते. ज्यांच्या आईला किंवा बहिणीला हा रोग झाला आहे, त्यांनी गोळी परस्पर दुकानातून न आणता कर्करोगतज्ज्ञांकडून आपल्या धोक्याचे मूल्यमापन करून घ्यावे.