खाडीच्या चिखलाची गोधडी

(दृश्य : हार्बरची लोकल, वाशीचा खाडीपूल. ओहोटीची वेळ.)

मानखुर्द मागे पडलं की गाडी खाडीवर येते. हा रेल्वेपूल १९९२ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून नवी मुंबईकर रोज सकाळी खाडी ओलांडून कामाला जातात आणि संध्याकाळी तशीच ओलांडून घरी येतात. भरती असेल तर खाली नुसतं पाणी. ओहोटी लागली की तिवरांच्या पुढचा चिखल उघडा पडतो आणि ओसरणारं पाणी त्यावर बारीक बारीक वाटा पाडत जातं.

(खिडकीशी बसलेली कलाकार. पडद्यावर तिचं नाव.)

नेरूळला राहणाऱ्या या वस्त्रकलाकार ताई नोकरीसाठी रोज याच गाडीने जातात. पर्समध्ये एक छोटी वही असते. गाडी पूल पार करेपर्यंत त्या वहीत फक्त रेघा ओढतात. झाड नाही, होडी नाही, पलीकडच्या इमारती तर नाहीतच. पाणी कुठे वळलं, कुठे फुटून दोन वाटांनी गेलं, तेवढंच. फोटोत सगळंच येतं. हाताने काढताना मात्र डोळ्यांनी जे धरलं तेच कागदावर उतरतं.

खाडी म्हटली की आपल्याला फ्लेमिंगो आठवतात. आठवणारच. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाली, २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून होडीने जाऊन हे पक्षी जवळून बघता येतात. पण ते इथे येतात कशासाठी? या उथळ, गढूळ पाण्यातल्या खाण्यासाठी. त्यांचा गुलाबी रंगसुद्धा त्या खाण्यातूनच येतो. म्हणून ताईंनी गोधडीसाठी विषय घेतला तो चिखलाचा. मला विचाराल तर या कामातला सगळ्यात धीट निर्णय हाच आहे.

(घर. जमिनीवर पसरलेले कपडे.)

आता चिखलाचा रंग आणायचा कुठून? बाजारात राखाडी कापड मिळतं, पण ते सपाट असतं. ओल्या चिखलात निळसर छटा असते, सुकत आलेल्या चिखलात पिवळट. ताई जुनं सुती कापड घेतात : वडिलांचं धोतर, आईची विटलेली साडी, शिंप्याकडची कातरण. वर्षानुवर्षं धुतलेल्या कापडातली खळ केव्हाच गेलेली असते. ते रंग चांगला धरतं आणि सुई त्यातून अडखळत नाही.

काष्ठौषधींच्या दुकानातून हिरडा आणायचा, त्याचा काढा करून कापड त्यात भिजवायचं. ते फिकट पिवळं होतं. दुसरीकडे गंजके खिळे आणि गूळ पाण्यात मुरत घातलेले असतात. हिरड्याचं कापड या लोखंडाच्या पाण्यात बुडवलं की डोळ्यांदेखत काळवंडू लागतं.

(जवळून : बादलीत बुडणारं कापड, पिवळ्याचं राखाडी होताना.)

इथे निवेदन थोडं थांबवू. हे बघाच.

पाणी पातळ केलं तर फिकी राख, दाट ठेवलं तर जवळपास काळा. मात्र लोखंड जास्त झालं तर कापड पुढे कुजतं, हातात फाटतं. म्हणून बेताने बुडवायचं आणि नंतर भरपूर पाण्यात खळबळून घ्यायचं.

वहीतल्या रेघा मोठ्या करून रद्दीच्या कागदांवर उतरवल्या जातात. त्यांवरून तुकडे कापले जातात. ते मांडून झाले की ताई स्टुलावर चढून मोबाइलने फोटो घेतात आणि तो कृष्णधवल करतात. रंग निघून गेला की उजेड-अंधाराचा तोल लगेच कळतो. दोन तुकडे एकमेकांत मिसळून गेले, तर त्यातला एक बदलायचा.

आणि फ्लेमिंगो? वरच्या कडेशी एका साडीचा गुलाबी काठ उलटा करून लावलाय. उलट्या बाजूने रंग जरा मंद दिसतो, दूरवरच्या थव्यासारखा.

(सुई, दोरा, हात.)

खाली जुनी साडी, मध्ये धोतराच्या घड्या, वर हे तुकडे. कच्चे टाके घालून थर धरून ठेवायचे आणि मग धावदोरा. आपल्याकडे गोधडीचा धावदोरा बहुधा कडेने सुरू होऊन फेर घेत आत येतो. ताईंचा धावदोरा पाण्याच्या वाटेने जातो. त्यामागे कारण आहे. टाके जवळजवळ पडले की कापड दबतं, विरळ ठेवले की फुगून राहतं. पाण्याच्या वाटेवर टाके दाट, त्यामुळे ती खोल जाते. दोन वाटांमधला चिखल उंच राहतो. म्हणजे गोधडीवरचं हे चित्र जितकं रंगाचं, तितकंच टाक्याचं आहे. बाजूने उजेड पडला की ते स्पष्ट दिसतं.

त्याची किंमतही मोजावी लागते. दाट टाका कापड आत ओढतो. एकीकडे दाट, दुसरीकडे विरळ झालं तर कड लाटेसारखी वर-खाली होते आणि गोधडी भिंतीवर सरळ बसत नाही. म्हणून तुकडे सुरुवातीलाच मापापेक्षा मोठे घ्यायचे. शिवून झाल्यावर गोधडी ओलसर करून, ताणून, टाचण्या लावून सुकवायची. कडा सरळ कापायच्या त्या मग.

अंथरुणातली गोधडी भिंतीवर टांगावी, हे आपल्याकडे अजून अनेकांना रुचत नाही. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने १९७१ मध्ये क्विल्ट, म्हणजे तिकडच्या गोधड्या, भिंतीवर मांडल्या, तेव्हा त्या चित्र म्हणून पाहिल्या गेल्या. पुढे अलाबामातल्या जीज बेंड इथल्या कृष्णवर्णीय बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या क्विल्ट मोठ्या संग्रहालयांत गेल्या. आपल्या वाकळी शिवणाऱ्या आज्यांची नजर कुठे कमी होती? कोणता तुकडा कोणाशेजारी शोभेल, हे त्यांना नेमकं कळत होतं.

(गोधडीची मागची बाजू.)

मागे वरच्या कडेला कापडाची पट्टी नळीसारखी शिवलीय. तिच्यातून काठी जाते. खालच्या कोपऱ्यात पांढरा तुकडा आहे. त्यावर कलाकाराचं नाव, गाव, वर्ष आणि खाली कापडांची नोंद : धोतर कोणाचं, साडी कोणाची. असाच एक तुकडा ताई सध्या घरातल्या जुन्या गोधडीसाठी तयार करतायत. आजीचं नाव लिहून झालंय. त्यातली लुगडी कोणाकोणाची होती, हे आत्याला फोन करून विचारणं चालू आहे.