फिनवरचं पाणी

लातूर. कापड दुकानाचा वरचा मजला. मेकॅनिक भाऊंनी एसीच्या इनडोअर युनिटचं झाकण उतरवलंय. आत दिसतेय ती कॉईल. तांब्याच्या नळ्या आणि त्यांवर ओवलेल्या ॲल्युमिनियमच्या फिन्स, म्हणजे पातळ पट्ट्या. एकेक फिन साधारण ०.१ मिलिमीटर जाडीची, दोन फिन्समधली फट जेमतेम दीड मिलिमीटर. दुकानाची सगळी हवा या फटींतून गार होऊन येते.

आता जवळून बघा. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसंच इथे होतं. मे महिन्यात आपली हवा कोरडी, त्यामुळे पाणी थोडं. मृगाचा पाऊस पडला की ड्रेन पाइपखालची बादली भराभर भरते.

ही कोरी फिन. ड्रॉपरमधून एक थेंब टाकला, फुगून बसला. समोरच्या फिनवरही असाच फुगतो, दोन्ही मिळतात, फट बुजते आणि हवा अडते.

ही निळी. तेवढाच थेंब. टेकला आणि पसरला. सारवलेल्या जमिनीवर पाणी पसरावं तसा. आता त्याचा पातळ पडदा झालाय, तो सरळ खाली ट्रेमध्ये उतरतो. ही करामत निळ्या रंगाची नाही, पाणी ओढून घेणाऱ्या लेपाची आहे. लेप जाडीला एक-दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा एक-दोन हजारांश. कारखान्यात ॲल्युमिनियमच्या रोलवर तो चढवतात, भट्टीत पक्का करतात आणि मगच फिन्स कापतात.

मग अळवाच्या पानासारखा, पाणी झटकून टाकणारा लेप का नको? कारण बारीक थेंब स्वतःच्या वजनाने घरंगळत नाही, तो फटीतच अडकतो. जगभर त्यावर संशोधन चालू आहे, पण घरच्या एसीत आज चालतो तो पाणी पसरवणाराच.

हा फेस बघा. दुसऱ्या एका दुकानात ॲसिडने धुणं चाललंय. फेसाबरोबर नुसता मळ निघत नाही. लेप जातो आणि खालचं ॲल्युमिनियमही विरघळतं. मग पाणी गादीवर टपकतं, बिल वाढतं, फिन्स गंजतात.

आमचे भाऊ साधं पाणी आणि सौम्य साबण वापरतात, पंपाचा जोर कमी ठेवतात. "ॲसिड मारलं की चमकतंय लई," ते सांगतात, "पण मग कॉईल पाणी धरून बसते."

एसी सुरू झालाय. पाइपाच्या तोंडाशी पहिला थेंब आला. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे शहर. खाली बादली ठेवलेली आहे, शेजारी तुळस.