चाकणचा संप, खान्देशातलं बुकिंग

(दृश्य: धुळे बायपास, पहाट. बंद कंटेनर वळण घेऊन गोदामाच्या आवारात शिरतो.)

हा कंटेनर रात्रभर चालून आलाय. चाकण, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर, नाशिक, मग आग्रा रोडने चांदवड, मालेगाव आणि धुळे. ड्रायव्हरच्या हातात बिल्टी म्हणजे मालवाहतुकीची पावती आहे, मालाचं चलन आहे. दार उघडण्याआधी गोदामवाला सीलचा नंबर चलनावरच्या नंबराशी ताडून बघतो. नंबर जुळला नाही तर सील तोडायचं नाही. आधी फोटो काढायचा आणि वाहतूकदाराला फोन लावायचा.

(दृश्य: कंटेनरचं दार उघडतं. दोन मजल्यांवर दाटीने बांधलेल्या मोटारसायकली.)

गाडी उतरवायला दोन माणसं लागतात. एक हँडल धरतो, दुसरा मागून कॅरिअरला ओढ देत ती सावकाश रॅम्पवर सोडतो. नुकसान बहुतेक वेळा इथंच दिसतं. पट्टा घासून टाकीचा रंग गेलेला असतो, क्लचचा लिव्हर वाकलेला असतो, इंडिकेटर तुटलेला असतो. ड्रायव्हर निघण्याआधी ते बिल्टीवर लिहून त्याची सही घ्यावी लागते. तो गेल्यावर लक्षात आलं, तर वाहतूक विम्याचा दावा अडकतो आणि खर्च डीलरच्या अंगावर येतो.

(दृश्य: मेकॅनिक बॅटरीला मीटर लावतो. चेन बोटाने वर-खाली करून बघतो.)

पुढची पायरी डिलिव्हरीआधीच्या तपासणीची, शोरूमच्या भाषेत पीडीआय. बॅटरी 12.4 व्होल्टच्या खाली असेल तर आधी चार्जिंग. चेनची ढील पट्टीने मोजायची. बहुतेक साध्या गाड्यांना ती 20 ते 30 मिलिमीटर लागते. दोन्ही टायरची हवा, ब्रेकचं ऑइल, इंजिनचं ऑइल, अ‍ॅक्सलचे नट. आरसे आणि साडी गार्ड वेगळ्या खोक्यात येतात, ते इथं बसतात. शेवटी चासी नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी जुळवून गाडी रांगेत लागते.

कारखाना चालू असला की हे काम रोज होतं आणि कुणाचं त्याकडे लक्षही जात नाही.

(दृश्य: रिकामं गोदाम. फरशीवर चाकांचे जुने डाग.)

कारखाना बंद पडला की हे असं.

(दृश्य: नकाशा. चाकण, वाळूज, हरियाणा, होसूर इथून खान्देशाकडे येणाऱ्या रेषा.)

खान्देशात मोटारसायकल बनत नाही. सगळ्या गाड्या बाहेरून येतात आणि प्रत्येक कंपनीची वाट वेगळी आहे. वाळूजची गाडी कन्नडकडून औट्रम घाट उतरून चाळीसगावला येते. हरियाणा-राजस्थानच्या पट्ट्यातली गाडी इंदूर, सेंधवा, शिरपूर अशी आग्रा रोडने उतरते. होसूरची गाडी दक्षिणेतून अनेक दिवसांचा प्रवास करून पोचते. त्यामुळे संप कुठल्या गावात झाला, त्यावर जळगाव, धुळे, नंदुरबारमधली कुठली शोरूम रिकामी होणार हे ठरतं. एका कंपनीचा दरवाजा बंद झाला, तरी समोरच्या कंपनीची डिलिव्हरी जोरात चालू असते.

माल अडायला दर वेळी संपच लागतो असंही नाही. 31 ऑगस्ट 2021 ला औट्रम घाटात दरडी कोसळल्या आणि वाळूज-चाळीसगाव हा सरळ रस्ता बंद झाला. पण घाट बंद झाला तर ट्रक वळसा घालून येतो. कारखाना बंद झाला तर त्याला वळसा नाही.

(दृश्य: औद्योगिक वसाहतीतला रस्ता. शिफ्ट सुटल्यावर बाहेर पडणारे कामगार.)

मोटारसायकलमध्ये शेकडो सुटे भाग असतात. त्यातले बरेचसे आजूबाजूच्या लहान-मोठ्या कारखान्यांत बनतात आणि लागतील तेवढेच, लागतील तेव्हा लाइनवर पोचतात. साठा करायचा नाही, अशीच ही रचना आहे. त्यामुळे संप मुख्य कारखान्यातच व्हायला हवा असं नाही. ब्रेकचा एक भाग पुरवणाऱ्या कारखान्यात काम थांबलं, तरी फ्रेम तयार, इंजिन तयार आणि गाडी अपुरी, अशी रांग लागते. मुख्य कारखाना थांबला तर उलट होतं. पुरवठादाराकडे माल पडून राहतो, त्याच्याकडच्या कंत्राटी पोरांना पहिल्याच आठवड्यात घरी बसायला सांगतात.

ही पोरं कुठली? आयटीआय करून धुळे-जळगाव-नंदुरबारहून चाकण आणि वाळूजला गेलेल्यांतली कितीतरी. म्हणजे संप खान्देशात दोन वाटांनी येतो. एक, गाडीचा ट्रक येत नाही. दुसरी, पोराचा पगार येत नाही. पगारवाढ, करार, कायम नोकरी यासाठी कामगाराच्या हातात काम थांबवण्याशिवाय दुसरं फारसं काही नसतं, हे खान्देशातल्या घरांना कुणी समजावून सांगायला नको.

(दृश्य: जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं, तारखांवर कॅमेरा.)

चाकणच्या बजाज ऑटोच्या कारखान्यातला संप 25 जून 2013 ला सुरू झाला. विश्व कल्याण कामगार संघटनेच्या मागण्यांत पगारवाढीबरोबर एक वेगळी मागणी होती: प्रत्येक कामगाराला कंपनीचे 500 शेअर, एका रुपयाला एक या दराने. कंपनीने ती मान्य केली नाही आणि उत्पादन दुसऱ्या कारखान्यांत हलवण्याचा इशारा दिला. संप 50 दिवस चालला. ऑगस्टच्या मध्यात कामगार परत कामावर गेले.

आता हे 50 दिवस खान्देशाच्या पंचांगात ठेवून बघा.

(दृश्य: पावसात पेरणी. शेताच्या बांधावर चिखलाने भरलेली मोटारसायकल.)

जून संपता संपता इथं पेरणी असते. बियाणं, खत, मजुरी यात हातचा पैसा गेलेला असतो. आषाढात नवी गाडी घेणारे थोडेच. म्हणजे 2013 चा संप शोरूमच्या मंदीच्या दिवसांत पडला आणि गणपतीच्या आधी संपला. आता 2018 बघा. तामिळनाडूत ओरगडमला यामाहा आणि रॉयल एनफिल्ड या दोन्ही कारखान्यांत सप्टेंबरमध्ये काम थांबलं. त्या वर्षी दसरा 18 ऑक्टोबरला होता, दिवाळी 7 नोव्हेंबरला. कापसाची पहिली वेचणी घरात आलेली, व्यापारी खेडा खरेदीला दारात उभा, पोराला गाडी घ्यायची ती आताच. संप किती दिवस चालला याच्या आधी तो कोणत्या महिन्यात पडला हे विचारायला हवं. दसरा-दिवाळी आणि आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया हे आपल्याकडचे गाडी घेण्याचे मोठे मुहूर्त. आखाजीच्या तोंडावर पडलेले पंधरा दिवससुद्धा पावसाळ्यातल्या 50 दिवसांपेक्षा जड जातात.

(दृश्य: शोरूमचं ऑफिस. संगणकावर स्टॉकची यादी.)

डीलर गाडी उधारीवर आणत नाही. कंपनीला पैसे आधी जातात आणि ते बहुतेक बँकेने दिलेल्या कर्जाच्या मर्यादेतून जातात. समजा, 80,000 रुपयांच्या 100 गाड्या गोदामात आहेत. 80 लाख अडकले. 10 टक्क्यांनी दिवसाचं व्याज साधारण 2,200 रुपये. म्हणून कुणी डोंगराएवढा साठा करत नाही. तीन-चार आठवडे पुरेल एवढाच माल ठेवतात.

कायद्याप्रमाणे संपाआधी 14 दिवसांची नोटीस द्यावी लागते. नोटिशीची बातमी कानावर आली की हुशार डीलर त्याच दिवशी जास्त खपणाऱ्या मॉडेलची मागणी वाढवतो. पण ती सगळेच वाढवतात. कंपनी कोटा ठरवून देते आणि पुष्कळदा खपणाऱ्या गाड्यांबरोबर न खपणाऱ्याही घ्याव्या लागतात.

(दृश्य: शोरूममध्ये उरलेल्या सात-आठ गाड्या. प्लास्टिकचं आवरण, त्यावर धूळ.)

मग साठा उतरायला लागतो. आधी 100 ते 125 सीसीच्या काळ्या गाड्या जातात, मग बाकीचे रंग. विहीर आटताना तळाला गाळ उरतो तसा शोरूममध्ये शेवटी कुणाला नको असलेला रंग आणि महागडं व्हेरिअंट उरतं. यादीत गाड्या दिसतात, पण गिऱ्हाइकाला हवी ती एकही नसते. या उरलेल्या गाड्यांकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, ती दर पंधरवड्याला तपासायची. टायर एकाच जागी दबून सपाट होतात म्हणून गाडी पुढे-मागे सरकवायची, नाहीतर मधल्या स्टँडवर ठेवायची. पावसाळा असेल तर चेनला आणि डिस्कला गंज.

सुट्या भागांचंही तसंच. ते पुरवठादाराकडून कंपनीच्या गोदामात आणि तिथून डीलरकडे येतात. मधली कडी थांबली की वॉरंटीतल्या गाडीचा भाग आठवडेच्या आठवडे येत नाही. गाडी मेकॅनिककडे पडून राहिली तर जॉबकार्डवर आत आल्याची तारीख आणि मागवलेल्या भागाचं नाव लिहून घ्या. वॉरंटीची मुदत संपत आली असेल तर हाच कागद कामाला येतो.

(दृश्य: सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. लहान दुकान, वर मोठी पाटी, आत दोन गाड्या.)

आता सब-डीलर. तळोदा, अक्कलकुवा, धडगाव, बोदवड, पारोळा अशा गावांत गाडी विकतो तो हाच. कंपनी त्याला ओळखत नाही, तो मुख्य डीलरकडून गाडी उचलतो. मार्जिन वाटून घ्यायचं, दुकानाचं भाडं स्वतः भरायचं, गिऱ्हाइकाच्या घरचे कागद स्वतः गोळा करायचे. माल भरपूर असतो तेव्हा मुख्य डीलर त्याला गाड्या देतो. माल तुटला की आधी शहरातल्या काउंटरवरचं बुकिंग भागतं. यात कुणाचा वाईट हेतू असतो असं नाही, पण मार खातो तो सब-डीलर. कारण जिल्ह्याच्या शोरूममधलं बुकिंग त्याच दिवशी संगणकात चढतं आणि सब-डीलरचं वहीत राहतं. कंपनी कोटा ठरवताना बघते ते संगणकातलं बुकिंग. वहीतलं तिला दिसत नाही.

(दृश्य: दुधाच्या कॅन बांधलेली जुनी मोटारसायकल घाटरस्त्यावर. केळीच्या बागेतून जाणारी दुसरी.)

धडगावकडच्या पाड्यांवर एसटी दिवसातून थोड्याच वेळा जाते. तिथं गाडी म्हणजे दवाखाना, बाजार आणि शाळा. रावेर-यावलच्या केळीवाल्याला पाण्याची पाळी धरायला रात्री मळ्यात जायचं असतं. नवी गाडी मिळत नाही म्हणून जुन्या गाड्यांचे भाव चढतात आणि खराब गाडी चांगल्या भावात गळ्यात पडते.

(दृश्य: काउंटरवर गिऱ्हाईक. बुकिंगची पावती, जवळून.)

"भाऊ, गाडी कव्हय भेटी?" हा प्रश्न दिवसभर. उत्तर डीलरकडे नसतं. पण गिऱ्हाइकाच्या हातात काही गोष्टी असतात.

पावतीवर मॉडेल, व्हेरिअंट, रंग, रक्कम आणि तारीख हवी. खाली बारीक अक्षरात डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू, असं बहुधा छापलेलं असतं. संपाच्या काळात किंमत वाढली तर फरक गिऱ्हाइकालाच भरावा लागतो. म्हणून पैसे देण्याआधी ती ओळ वाचा आणि बुकिंग रद्द केलं तर किती पैसे किती दिवसांत परत, ते पावतीवर लिहून घ्या.

कर्जावर गाडी असेल तर चासी नंबर मिळेपर्यंत फायनान्सवाल्याला रक्कम डीलरकडे सोडू देऊ नका. रक्कम सुटली की हप्त्याची तारीख लागते, गाडी दारात असो वा नसो. मंजुरीपत्राला मुदत असते, ती उलटली तर कागद पुन्हा.

जुनी गाडी बदल्यात द्यायची असेल तर नवी हातात पडेपर्यंत ती आणि मालकी बदलण्याचे 29-30 नंबरचे सही केलेले फॉर्म स्वतःजवळ ठेवा. गाडीचा भाव ठरून महिना झाला असेल तर तो पुन्हा ठरवतील, हे धरून चला.

(दृश्य: कारखान्याचं फाटक उघडतं. कामगार आत जातात.)

संप मिटल्याची बातमी आली म्हणजे दुसऱ्या दिवशी ट्रक निघाला असं होत नाही. आधी अर्धवट राहिलेल्या गाड्या पुऱ्या होतात. रंगाचा विभाग, भट्ट्या, टेस्टिंग हे सगळं वेगाला यायला वेळ लागतो, पुरवठादारांची माणसं परत गोळा करावी लागतात. पहिले कंटेनर येतात ते एकाच मॉडेलचे, एकाच रंगाचे. मनातला रंग मिळायला आणखी थांबावं लागतं.

गाडी हातात आली की तिच्याबरोबर येणाऱ्या कंपनीच्या 22 नंबरच्या फॉर्मवर उत्पादनाचा महिना बघा. महिना संपाआधीचा असेल तर ती गाडी गोदामात उभी होती. बॅटरीचा व्होल्टेज आपल्यासमोर मोजायला लावा, टायर हाताने चाचपून बघा, मग सही करा.

(दृश्य: सब-डीलरच्या दुकानातली वही. बुकिंगची नावं, मोबाइल नंबर झाकलेले.)

या वहीतली नावं त्याच दिवशी मुख्य डीलरच्या संगणकात, गिऱ्हाइकाच्याच नावाने आणि त्याच्याच मोबाइल नंबरवर चढायला हवीत. यासाठी नवा कायदा लागत नाही, पैसा लागत नाही. तालुक्यात गाडी बुक करताना एवढंच म्हणायचं: बुकिंगचा मेसेज माझ्या मोबाइलवर येईपर्यंत मी काउंटरवरून हलणार नाही. मेसेज आला तर रांगेतला नंबर पक्का. पुढच्या संपानंतर पहिला कंटेनर धुळ्याला लागेल, तेव्हा धडगावची गाडी त्या यादीत असेल.