गारठा फरशीतून चढतो

[दृश्य: निफाडच्या रस्त्याकडेचं गॅरेज. पहाट. शटर अर्धं वर, दारात द्राक्षबागेचा छोटा ट्रॅक्टर.]

निफाड तालुका. हिवाळ्यात राज्यातल्या सर्वांत कमी तापमानाचा आकडा बरेचदा इथून येतो, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून. लाट आली की पारा पाचाच्या आसपास घुटमळतो. द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटतात. फवारणीचा ब्लोअर बिघडला असेल, तर ट्रॅक्टर उजाडायच्या आत गॅरेजला लागतो. बागेला बसलेल्या थंडीची बातमी होते. पत्र्याच्या शेडमध्ये पाना धरून बसलेल्या फिटरच्या थंडीची कुणी करत नाही.

[दृश्य: पत्र्याच्या आतल्या बाजूने ओघळणारे थेंब, खाली उघडा पंप.]

हे पावसाचं पाणी नाही. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आभाळाकडे सोडतो आणि हवेहूनही गार होतो. आतली दमट हवा त्याला लागली की दव धरतं, ते खाली ठिबकतं. उघड्या पंपावर, बेअरिंगवर, घासून चकचकीत केलेल्या शाफ्टवर. राकेलचा स्टोव्ह पेटवला तर आणखी भर, कारण एक लिटर राकेल जळताना जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपात हवेत सोडतं. गार लोखंडावर ते बसतं आणि दोन दिवसांत गंज दिसतो.

[दृश्य: शेड बाहेरून, पूर्ण लांबी.]

वीस बाय तीस फुटांची शेड, चौदा फूट उंच. आतली हवा बाहेरपेक्षा दहा अंशांनी गरम ठेवायची म्हटलं, तर नुसत्या पत्र्यातून निघून जाणारी धग भरून काढायलाच दहा-अकरा किलोवॉट लागतील. म्हणजे दोन हजार वॉटचे पाच-सहा हीटर, अखंड. त्यात शटर दिवसभर वर-खाली. एवढं वीजबिल भरून गॅरेज चालत नाही. म्हणून शेड तापवायचा नाद सोडायचा आणि माणूस तापवायचा.

[दृश्य: पिकअपखाली आडवा पडलेला फिटर. पाठीखाली पुठ्ठा. कॅमेरा फरशीलगत.]

सुरुवात पाठीपासून. उभ्या माणसाला वारा गारठवतो, आडव्याला फरशी. काँक्रीटमधून थर्माकोलच्या सुमारे चाळीसपट वेगाने उष्णता वाहते. पुठ्ठा अर्धा तास बरा, मग तो ऑइल आणि दव पितो आणि ओला पुठ्ठा फरशीइतकाच गार.

[दृश्य: पाट बनवताना. माप, करवत, पन्नी, स्क्रू. सलग चालू द्यावं.]

इथे बनतोय तो पाट सहा फूट लांब, अडीच फूट रुंद. खाली २५ मिलिमीटरचं थर्माकोल, पण टीव्हीच्या खोक्यातलं भुसभुशीत नव्हे. दाट घ्यायचं, अंगठ्याने दाबलं तर खड्डा पडू नये. वर १२ मिलिमीटरचा प्लाय, म्हणजे कोपराचा भार एका जागी येत नाही. आता नीट बघा. थर्माकोल आधी जाड पन्नीत गुंडाळलंय आणि कडा चिकटपट्टीने बंद केल्यात. हे टाळलं तर पहिल्याच आठवड्यात पाट बसतो. पेट्रोल थर्माकोलला अक्षरशः विरघळवतं, थिनरही. प्लायवर जुन्या रबर मॅटचा तुकडा. स्क्रू कडेच्या लाकडी पट्टीत, थर्माकोलमध्ये ते पकडतच नाहीत. एकूण उंची चार सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे गाडी तेवढी जास्त उचलावी लागते. जॅक आणि घोडी, म्हणजे उचललेली गाडी तोलून धरणारा लोखंडी आधार, मात्र थेट काँक्रीटवरच. पाटावर जॅक ठेवायची कल्पनासुद्धा नको.

उभ्याने काम चालतं त्या टेबलापुढेही असाच तुकडा. पाय गार पडण्याचं दुसरं कारण बुटात असतं. दोन जाड मोजे कोंबले की बूट आवळतो, रक्त फिरत नाही आणि बोटं आधीपेक्षा लवकर बधिर होतात. एकच लोकरी मोजा आणि आत नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तळवा पुरतो.

[दृश्य: फिटर कपडे चढवताना.]

हात गार पडले की लोक हातमोजे शोधतात. आधी बंडी शोधावी. धड गारठलं की शरीर हातापायांचं रक्त आखडतं घेतं, मग मोजे कितीही जाड असोत. आत अंगाला लागून थर्मल, वर बिनबाह्यांची लोकरी बंडी, त्यावर सुती ओव्हरऑल. फ्लीस आणि नायलॉन वर नको. ग्राइंडरची ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. आणि मफलर? घरी ठेवा. लोंबतं टोक फॅनच्या पट्ट्यात किंवा ट्रॅक्टरमागे अवजार फिरवणाऱ्या पीटीओच्या शाफ्टमध्ये गेलं की सोडवायला वेळ मिळत नाही. कानटोपी घाला, हनुवटीखालचा बंद आत खोचून.

[दृश्य: लोखंडी पेटी उघडते. आत पिवळा उजेड, ओळीने पाने. हा शॉट लांब ठेवावा.]

जुनी लोखंडी पेटी, आत साठ वॉटचा पिवळा बल्ब, त्याला जाळीचं कवच. एलईडी इथे कामाचा नाही, आपल्याला वाया जाणारी उष्णताच हवी आहे. अर्ध्या तासात पाने, गोट्या (नटावर बसणारे सॉकेट), रॅचेट हाताला सुसह्य होतात. बोटांच्या कातडीचं तापमान पंधरा अंशांखाली गेलं की बारीक काम सुटायला लागतं. नट आट्यावर तिरका बसतो, हाताला ते कळत नाही, आणि ॲल्युमिनियमच्या हाउसिंगचे आटे जातात. हातमोज्यांचे दोन जोड ठेवा, एक हातात, एक पेटीत. पातळ लोकरी मोजा, वरून नायट्राइल. पेट्रोलची चिंधी या पेटीत कधीही ठेवायची नाही.

[दृश्य: हात. भेगा. सुरुवातीला निवेदन नाही, फक्त पान्याचा आवाज.]

पेट्रोलने हात धुतले की ते उडताना हातातली उष्णता घेऊन जातं, आणि डिझेल कातडीचा ओशटपणा काढतं. भुसा, साबण, कोमट पाणी, मग खोबरेल.

[दृश्य: हॅलोजन हीटर पेटतो.]

हॅलोजनच्या तीन नळ्या, १,२०० वॉट. हा हवेऐवजी समोरच्या माणसाला तापवतो, म्हणून उघड्या शेडमध्ये हाच चालतो. चार-पाच फुटांवर, कमरेच्या उंचीला, बाजूने. जमिनीवर कधीच नाही, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती फरशीलगत पसरते आणि कडाक्याच्या थंडीतही पेट घेते. टाकी, थिनर किंवा चार्जिंगला लावलेली बॅटरी उघडी असेल तर हीटर बंद. दोन हजार वॉटचा असेल तर तो नऊ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचा प्लग आणि अडीच चौरस मिलिमीटरची वायर. बारीक वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड आधी कोमट होतो, मग वास येतो.

[दृश्य: शटर खाली, आत शेगडीची धग. चार सेकंद.]

बंद शटरमागे कोळशाची शेगडी किंवा चालू इंजिन ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं दुखायला लागतं, मग उठवत नाही.

[दृश्य: उत्तरेकडे ताडपत्री ओढली जाते.]

वारा उत्तरेचा, म्हणून ताडपत्री त्याच बाजूला, वरून हातभर मोकळी. इंजिन चालवून बघायचं असेल तर सायलेन्सरला लवचीक पाइप लावून धूर बाहेर.

[दृश्य: गास्केटवर सिलिकॉन.]

घाई करायची नाही ती इथे. गारठ्यात सिलिकॉनही उशिरा धरतं आणि दोन भागांची पुट्टीही. तापमान दहा अंशांनी उतरलं की पुट्टीला साधारण दुप्पट वेळ धरा. दुपारी लावा, इंजिनच्या चेंबरमध्ये ऑइल दुसऱ्या दिवशी भरा.