समोरचा कुठंय? ग्लॅडिएटर रंगवताना आणि त्याचा बेस करताना

नमस्कार मंडळी. मागच्या रांगेत आवाज येतोय ना? बरं. टेबलावर हा जो छोटा माणूस उभा आहे तो 54 मिलिमीटरचा आहे, म्हणजे साधारण 1:32 स्केल, आणि तो सेक्युटर आहे, प्राचीन रोममध्ये लोकांसमोर रिंगणात लढणाऱ्या ग्लॅडिएटरांचा एक प्रकार. सेक्युटर म्हणजे पाठलाग करणारा. आता पाठलाग कोणाचा, हा साधा प्रश्न मला रंगवायला लागल्यावर कितीतरी वर्षांनी पडला, आणि तो पडल्यापासून माझं काम पार बदललं, म्हणून आज मुख्यतः तेवढंच सांगणार आहे, ब्रश कुठला आणि रंग कुठला ते ओघात येईलच.

आपण फिगर घेतो तेव्हा डबीतून एकटाच माणूस निघतो. पण रिंगणात लढायला उतरणारा माणूस कोणाच्या तरी समोर उतरायचा, आणि जोड्या साधारण ठरलेल्या असायच्या. मुर्मिलो आणि थ्रेक्स हे ग्लॅडिएटरांचे आणखी दोन प्रकार, मुर्मिलोसमोर बहुतेक वेळा थ्रेक्स, आणि सेक्युटरसमोर रेटिअरियस, म्हणजे जाळं आणि त्रिशूळवाला. आता हे हेल्मेट बघा, एकदम गुळगुळीत, गोल, वर पिसांचा तुरा नाही, बाहेर आलेली कड नाही. का? कारण समोरच्याच्या हातात जाळं आहे, ते कुठेही अडकता कामा नये. आणि डोळ्यांना दोनच बारकी भोकं, कारण त्रिशूळाचं टोक आत शिरता कामा नये. म्हणजे ह्याच्या अंगावरची प्रत्येक वस्तू हे समोरच्याला दिलेलं उत्तर आहे! उलट रेटिअरियसच्या डोक्यावर काहीच नाही, डाव्या खांद्यावर तेवढी ती उभी पत्र्याची ढाल, गॅलेरस म्हणतात तिला, आणि हातावरचं ते कापडी चिलखत, मॅनिका, तेही डाव्या हाताला, बाकीच्यांचं उजव्या हाताला असतं. हे उलटसुलट रंगवलं की जाणकार माणूस पटकन पकडतो.

माद्रिदच्या पुरातत्त्व संग्रहालयात एक मोझेक आहे, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातलं, त्याचे फोटो सहज मिळतात आणि प्रत्येकाने ते बघावंच असं मला मनापासून वाटतं. वर-खाली दोन दृश्यं आहेत. खालच्यात कॅलेंडिओ नावाच्या रेटिअरियसने अस्तियानाक्स नावाच्या सेक्युटरवर जाळं टाकलंय, पूर्ण अंगावर, ढालीसकट. आपल्याला वाटतं संपलं, गेला हा. पण वरच्या दृश्यात कॅलेंडिओ जखमी होऊन जमिनीवर पडलाय, खंजीर वर धरून हार मानतोय, आणि वर अक्षरं आहेत, अस्तियानाक्सच्या नावापुढे ‘जिंकला’ आणि कॅलेंडिओच्या नावापुढे एक छेद दिलेला गोल, मेल्याची खूण. दोन माणसं, दोघांची नावं आपल्याला माहिती आहेत, आणि कोण परत गेला आणि कोण नाही तेही. मी हे पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा हातातली फिगर खाली ठेवली होती, त्या दिवशी पुढे रंगवता आलं नाही.

तर हा जो टेबलावर आहे तो माझ्यासाठी अस्तियानाक्स आहे, जाळ्यातून बाहेर पडल्यानंतरच्या क्षणाचा. कॅलेंडिओ बेसवर, म्हणजे फिगरच्या पायाखालच्या ह्या तुकड्यावर, नाहीये. पण तो दिसला पाहिजे, आणि तो कसा दाखवायचा हाच माझा सगळा खटाटोप आहे.

आधी अंग. आपल्याला फिगर मिळते ती जिममधून आल्यासारखी, पोटावर सहा वड्या. इफेससला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, 1993 साली ग्लॅडिएटरांचं कब्रस्तान सापडलं, तिथल्या हाडांवर व्हिएन्नाच्या लोकांनी काम केलं, त्यातून दिसलं की खाणं बहुतेक जव, गहू आणि कडधान्यं असं होतं. प्लिनी ह्या रोमन लेखकाने तर त्यांना जव खाणारेच म्हटलंय. अशा खाण्याने अंगावर चरबीचा थर राहत असेल आणि वरवरच्या जखमांपासून तो वाचवत असेल असा एक अंदाज आहे, आणि मला तो पटतो. आता साच्यातलं पोट आपण बदलू शकत नाही, पण गडद वॉश, म्हणजे खोबणीत साचणारा पाण्यासारखा पातळ रंग, ओतून त्या वड्या अजून कोरायची काही गरज नाही. मी पोटावर वॉश वापरतच नाही, पातळ ग्लेझ देतो, म्हणजे खालचा रंग दिसेल असा पारदर्शक थर, चार-पाच हात, प्रत्येक हात वाळू देऊन. सावली हवी ती बरगडीखाली, काखेत आणि पट्ट्याच्या खाली. खांद्यावर शेवटी सॅटिन वार्निशचा एक हलका हात, घाम दिसतो.

मग ब्राँझ. इथे एक चूक फार दिसते, सगळ्या हेल्मेटवर हिरवट-निळा गंज. ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात, ग्लॅडिएटरांच्या छावणीत सापडलेली हेल्मेटं आज नेपल्सच्या संग्रहालयात आहेत, ती हिरवी दिसतात कारण ती इसवी सन 79 पासून सतराशे वर्षं राखेखाली होती. लढणाऱ्याच्या डोक्यावर असताना ती हिरवी कशाला असतील? घरात सणाच्या आदल्या दिवशी घासलेली समई आठवा. उंच भाग पिवळाधमक, नक्षीच्या खोबणीत काळपट तपकिरी, आणि जिथे सारखा हात लागतो तिथे थोडा लालसर मंदपणा. बस तेच. खाली तपकिरी, वर ब्राँझ, कडेला ब्राँझमध्ये किंचित चांदी मिसळून. डोळ्यांच्या भोकांत काळा भरा, आणि तो चकचकीत नको, मॅटच हवा, नाहीतर भोक खोल वाटत नाही.

आता बेस, आणि इथे मी जरा वेळ घेणार आहे. अरीना हा शब्दच लॅटिन वाळूवरून आला, हरेना म्हणजे वाळू. कोलोसियमची, म्हणजे रोममधल्या त्या मोठ्या रिंगणाची, जमीन लाकडी फळ्यांची होती आणि तिच्यावर वाळू. म्हणजे गवताचे झुपके, खडक, पाचोळा, हे सगळं जे आपण बाकीच्या बेसवर सवयीने चिकटवतो ते इथे चालत नाही. फक्त वाळू. आणि वाळू सोपी वाटते पण तीच सगळ्यात अवघड आहे, कारण स्केल. हिशोब करा, 1 मिलिमीटरचा कण गुणिले 32, म्हणजे 3.2 सेंटीमीटर, लहान लिंबाएवढा दगड झाला तो! आणि ही माणसं बहुतेक अनवाणी लढायची. लिंबाएवढ्या दगडांवर अनवाणी माणूस त्रिशूळवाल्याच्या मागे धावेल का? म्हणून वाळू आधी मैद्याच्या चाळणीतून आणि मग जुन्या सुती ओढणीतून, अगदी वस्त्रगाळ करून घ्यायची. कोकणातून समुद्राची आणली असेल तर आधी पाच-सहा पाण्यांनी धुवा, मीठ राहिलं तर नंतर पांढरं फुटून वर येतं, शिवाय शंखांचे तुकडे असतात ते वेगळेच. आणि खरी वाळू असली तरी ती रंगवायचीच, कारण तिचे कण चमकतात आणि ह्या स्केलला ती चमक काचेच्या तुकड्यासारखी दिसते.

पुट्टीचा पातळ थर द्यायचा, एम-सील लवकर कडक होतं म्हणून मी मिलिपुट नावाची पुट्टी घेतो, ते ओलं असतानाच वरून वाळू भुरभुरायची, बोटाने नाही तर मऊ ब्रशने दाबायची, आणि मग पावलं. माणसाचं पाऊल ह्या स्केलला जेमतेम 8 मिलिमीटर. मी दुसऱ्या तुटक्या फिगरचा पाय कापून टाचणीवर बसवून ठेवलाय, त्याने ठसे उमटवतो. ह्याचे स्वतःचे ठसे दोनच, डावा पाय पुढे कारण ढाल डावीकडे, आणि उजव्याचा ठसा बोटांकडे खोल, कारण तो त्या पायाने रेटा देतोय, डोक्यावर साधारण 4 किलोचं हेल्मेट आहे आणि धाप लागलीये. आणि समोर बेसच्या कडेला दुसऱ्या माणसाचे ठसे, हलके, गोल फिरत मागे सरकणारे, शेवटचा अर्धा ठसा कडेवरच कापलेला. तो कॅलेंडिओ. बेसच्या बाहेर आहे, पण आहे.

जाळ्यासाठी मी आधी मच्छरदाणीचा तुकडा वापरला होता, तो नायलॉनचा, ताठ, सारखा उसळून वर येतो, पडलेल्या जाळ्यासारखा पडतच नाही. मेडिकलमधलं साधं सुती गॉज घ्या, पातळ फेविकॉलमध्ये बुडवून पिळून पसरा, आपोआप वळ्या पडतात. जाळं ओढलं गेलं तिथे वाळूवर फरफटल्याची रेघ हवी, ती टूथपिकने, पुट्टी ओली असतानाच. रक्त मी एका जागी टाकलंय, तेही वाळूत मुरलेलं, तपकिरी, वरून परत थोडी वाळू.

वार्निशचं तेवढं ऐका. एका जुलैत मी बाल्कनीत मॅट वार्निश स्प्रे केलं, बाहेर धो धो पाऊस, आणि दहा मिनिटांत अख्ख्या हेल्मेटवर पांढरी साय आली. तीन आठवड्यांचं काम होतं ते, फार वाईट वाटलं. हवेतल्या ओलाव्याने होतं हे. तेव्हापासून पावसाळ्यात स्प्रेचा कॅन बंद, सगळं ब्रशने. आणि वार्निश झाल्यावरच पायांना धूळ, वाळूच्याच रंगाची पिगमेंट पावडर, घोट्यापर्यंत जास्त, पोटरीवर कमी, डाव्या नडगीवरच्या पत्र्याच्या कवचावर खालच्या कडेला थोडी अडकलेली. ही धूळ नसेल तर माणूस वाळूवर ठेवलेला दिसतो, वाळूत उभा दिसत नाही.

आता पेटी पहिल्या रांगेपासून फिरवतो. काचेला हात लावला तरी चालेल, फक्त आडवी करू नका. आणि वरून नका बघू, डोळे त्याच्या हेल्मेटच्या भोकांच्या पातळीला आणा आणि तो जिकडे बघतोय तिकडे बघा, तो कापलेला अर्धा ठसा तिथेच आहे.