प्रश्न विचारला की आधी तीन सेकंद थांबा

नमस्कार मंडळी! आज एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय, वर्गात प्रश्न विचारल्यावर आपण थांबतो किती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते, दोन्ही वर्ग एकाच खोलीत, आणि इतकी वर्षं मला मनापासून वाटायचं की मी पोरांना चांगलं बोलतं करते.

मग एकदा मोबाईल खिडकीत ठेवून माझाच तास रेकॉर्ड केला. घरी ऐकला आणि खूप वाईट वाटलं. मी विचारतेय "बावन्नातून सत्तावीस गेले, किती उरले?" आणि पोरांनी अजून फळ्याकडे बघितलंही नाही तर लगेच "सांगा सांगा, कोण सांगतंय?", पुढची ती नेहमीची तीन मुलं "पंचवीस!" ओरडली की मी शाब्बास म्हणून पुढच्या गणितावर. मागे बसणाऱ्यांचा आवाजच नाही अख्ख्या तासात.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी 1970च्या दशकात हेच मोजलं होतं. विज्ञानाचे तास टेप करून ऐकले तर शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदसुद्धा धड थांबत नव्हते. जिथे तीन सेकंद किंवा जास्त थांबले तिथे मुलांची उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारीही बोलायला लागली. आणि मुलाने उत्तर दिल्यावरही तेवढंच थांबायचं, हे दुसरं थांबणं मला जास्त अवघड गेलं, कारण तोंडातून "बरोबर" निघूनच जातं.

आता मी मनात मोजते. आधी प्रत्येकाने आपापल्या पाटीवर लिहायचं, मग शेजाऱ्याला सांगायचं, मग सगळ्यांना. याला थिंक-पेअर-शेअर म्हणतात, अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी 1981मध्ये मांडलेलं. सुरुवातीला जोडीतलं हुशार पोरगंच सगळं बोलायचं, म्हणून मी नियम केला, वर्गाला सांगताना स्वतःचं नाही, शेजाऱ्याचं उत्तर सांगायचं. मग ऐकावंच लागतं ना! पाढ्यांना मात्र हे सगळं करत बसू नका, तिथे पटापट म्हणून घेतलेलंच बरं.

अभ्यासक्रम कधी संपवायचा, हे तुम्ही विचारणार, मलाही तीच धास्ती होती, पण ऐका. त्याच बावन्नातून सत्तावीसच्या गणिताला मागच्या रांगेतल्या एका मुलीने पाटीवर 35 लिहिलं होतं. पूर्वी मी "चूक, परत कर" म्हटलं असतं. या वेळी म्हटलं, "कसं केलंस सांग बरं." ती म्हणाली, "सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन." म्हणजे मोठ्यातून लहान वजा करायचं एवढंच तिने धरून ठेवलेलं, वर कोणता आकडा आणि खाली कोणता हे तिच्या हिशेबातच नव्हतं, आणि दुसरीपासून आम्हाला कुणाला ते दिसलं नाही.

तिच्यापुढे दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या ठेवल्या. म्हटलं, सात सुट्या दे. तिने दोन उचलल्या, थांबली, माझ्याकडे बघितलं. मी गप्प. एक, दोन, तीन, चार... "बाई, गठ्ठा सोडू?"

रबर काढलं, बारा काड्या मोजल्या, सात मला दिल्या, मग दोन गठ्ठे दिले. पाटीवरचे 35 बोटाने पुसून 25 लिहिले. शेजारणीच्या पाटीवरही 35च होते, तर काड्या घेऊन तिच्याकडे वळली.